अक्षरं आधी, चित्र मग: सिनेमाच्या मासिकाचं सचित्र मुखपृष्ठ कसं करावं

माझं पहिलं मुखपृष्ठ म्हणजे चार दिवस रंगवलेला एक चेहरा. कपाळावरच्या बटा, डोळ्यांतली चमक, सगळं जीव ओतून केलं. पाचव्या दिवशी त्यावर मासिकाचं नाव टाकायला गेलो तेव्हा लक्षात आलं की नावाला जागाच ठेवलेली नाही. वर ठेवलं तर कपाळ झाकलं जातं, खाली आणलं तर हनुवटी. शेवटी चेहरा लहान करून खाली ढकलला, वर एक काळी पट्टी ओढली आणि वेळ मारून नेली. छापून आलेला तो अंक अजूनही मी कपाटात मागच्या बाजूलाच ठेवतो.

म्हणून या लेखातला क्रम जरा उलटा वाटेल. आपण अक्षरांपासून सुरुवात करणार आहोत. मुखपृष्ठावरची जागा चित्र आणि अक्षरं यांच्यात वाटून घ्यायची असते, आणि ही वाटणी रंग हातात घेण्याआधी झालेली बरी.

हातात काम असलं की शिकणं सोपं जातं. समजा, मासिकाचं नाव आहे ‘तिकीट’ (हे मी उदाहरणापुरतं बनवलं आहे) आणि विशेषांक आहे प्रोजेक्टर चालवणाऱ्या माणसांवर. हेच मुखपृष्ठ सुरुवातीपासून शेवटपर्यंत करू.

सॉफ्टवेअर कोणतं

यावर फार वेळ घालवू नका. फोटोशॉप असेल तर उत्तम. नसेल तर गिम्प आणि क्रिता ही दोन्ही मोफत आहेत. क्रितामध्ये हाताने चित्र काढणं सुखाचं होतं, ब्रश फार चांगले आहेत. गिम्पमध्ये निवड, मास्क, रंगसुधारणा ही कामं भराभर होतात आणि मराठी अक्षरंही बरोबर उमटतात. मी कित्येकदा क्रितामध्ये चित्र काढतो आणि पुढची जुळवाजुळव दुसरीकडे करतो. खाली सांगितलेल्या गोष्टी तिन्हींत आहेत, फक्त मेनूमधल्या जागा वेगळ्या.

लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद, आणि मास्क म्हणजे लेयरचा एखादा भाग न पुसता झाकायची सोय. एवढं येत असेल तर पुढे वाचा. फोटोशॉपमध्ये लेयर आले ते १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत. त्याआधी लोक हे काम कसं करत असतील याचा विचार करूनच मला घाम फुटतो.

आधी मजकूर मागून घ्या

संपादकाकडून किंवा स्वतः संपादक असाल तर स्वतःकडून, या गोष्टी लेखी घ्या: मासिकाचं नाव, अंकाचा महिना-वर्ष, अंक क्रमांक, किंमत, मुख्य लेखाचा मथळा आणि मुखपृष्ठावर झळकणारे बाकीचे दोन-तीन मथळे. अंक विक्रीला जाणार असेल तर बारकोडही. ‘मथळे नंतर देतो’ असं उत्तर आलं तर निदान शब्दसंख्या तरी वदवून घ्या. चार शब्दांच्या मथळ्यासाठी सोडलेल्या जागेत अकरा शब्द कोंबावे लागले की चित्राचे हाल होतात.

छापखान्याला तीन प्रश्न विचारा. कापल्यानंतरचा अचूक आकार किती? बांधणी पिनांची आहे की चिकटवलेल्या सपाट पाठीची? कोणतं रंग-प्रोफाइल (त्यांच्या यंत्रावर आणि कागदावर रंग कसे उमटतील ते सांगणारी फाइल) हवं? पाठ सपाट असेल तर तिची जाडी पानांच्या संख्येवर आणि कागदावर ठरते, त्यामुळे तो आकडा छापखान्याकडूनच घ्यावा. अंदाजाने केलेल्या पाठीवरचं नाव हमखास घडीवर येऊन बसतं.

बोटभर चित्रं

आता संगणक बंदच ठेवा. कागदावर ५ सेंटिमीटर रुंद आणि ७ सेंटिमीटर उंच असे दहा-बारा चौकोन आखा. ए-फोर पानाचं प्रमाण जवळपास हेच असतं. प्रत्येक चौकोनात आधी वरच्या भागात ‘तिकीट’ ठळक लिहा, मथळ्यांच्या जागी आडव्या रेघा मारा आणि मगच चित्र सुचवा. जाड पेन घ्या, म्हणजे बारकाव्यांत शिरायचा मोहच होणार नाही.

पहिल्या तीन-चार चौकोनांत क्लॅपबोर्ड, रिळांचं चाक, उलगडलेली फिल्म हेच येईल. येऊ द्या आणि त्यावर काट मारा. ही चिन्हं ‘सिनेमा’ एवढंच सांगतात. या अंकात काय आहे ते सांगत नाहीत. सातव्या-आठव्या चौकोनापासून डोकं चालायला लागतं.

माझ्या आठव्या चौकोनात हे आलं: खाली डाव्या कोपऱ्यात प्रोजेक्टर, त्याला खेटून पाठमोरी बसलेली चालक स्त्री, आणि प्रोजेक्टरच्या भिंगातून निघून वर जाताना रुंद होत जाणारा प्रकाशाचा झोत. झोत जिथे सर्वांत रुंद होतो तिथे मासिकाचं नाव, जणू तेच पडद्यावर पडलं आहे. चित्राने अक्षरांना स्वतःहून जागा करून दिली, म्हणून हा चौकोन निवडला.

खऱ्या चित्रपटगृहात प्रोजेक्टर मागे उंचावर असतो आणि झोत खाली झुकतो. मी तो वर नेला आहे. अशी सोयीची खोटी गोष्ट मुखपृष्ठावर पचून जाते. यंत्राच्या तपशिलातली चूक मात्र पचत नाही, त्याबद्दल पुढे येईलच.

पानाची आखणी

ए-फोर म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. छापखान्यात कागद कापताना पातं केसभर इकडे-तिकडे सरकतं, म्हणून चित्र चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त ठेवायचं. याला ब्लीड म्हणतात. म्हणजे आपली फाइल झाली २१६ बाय ३०३ मिलिमीटर. इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने २५५१ बाय ३५७९ पिक्सेल. नवी फाइल उघडतानाच हे आकडे भरा. लहान फाइल नंतर ताणून मोठी केली तर आकडे जुळतात, पण रेषा लोण्यासारख्या मऊ पडतात.

अशा फाइलमधला पूर्ण भरलेला एक लेयर, पारदर्शकता धरून, मेमरीत सुमारे ३६ एमबी जागा घेतो. वीस लेयर झाले की जुना संगणक धापा टाकू लागतो. नको असलेले लेयर वेळोवेळी एकत्र करत जा, पण प्रत एका बाजूला ठेवूनच.

गाइडच्या रेषा (फक्त पडद्यावर दिसणाऱ्या, न छापल्या जाणाऱ्या खुणा) दोन ठिकाणी लावा: कापायच्या जागी, म्हणजे कडेपासून ३ मिलिमीटर आत, आणि तिथून आणखी १० मिलिमीटर आत. या दुसऱ्या चौकटीबाहेर एकही अक्षर जाणार नाही. लेयरचे गट आत्ताच करून ठेवा: वर ‘अक्षरं’, मध्ये ‘चित्र’, तळाशी ‘पार्श्वभूमी’. लेयरला नावं द्या. ‘लेयर ४७ कॉपी ३’ कशाचा होता हे आठवड्यानंतर देवालाही सांगता येणार नाही.

मासिकाचं नाव

इथे थोडं रेंगाळू, कारण देवनागरीसाठी खास लिहिलेलं मार्गदर्शन फारसं हाती लागत नाही आणि परक्या लिपीचे नियम इथे चालत नाहीत.

पहिली अडचण तांत्रिक. फोटोशॉपच्या थोड्या जुन्या आवृत्तीत इकार भलत्या बाजूला पडत असतील किंवा जोडाक्षरं फुटत असतील तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपच्या विभागात ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा (त्याहून जुन्या आवृत्त्यांत याचं नाव ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ असं आहे) आणि नवी फाइल उघडून पुन्हा टाइप करा. गिम्पमध्ये हा त्रास होत नाही. फॉन्ट युनिकोडच घ्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरांचे संकेत एकच राहतात. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर गेला की त्याची भेळ होते.

फॉन्ट मोफत आणि चांगले आहेत. ‘मुक्त’मध्ये पातळ ते जाड अशी बरीच वजनं (रेषांच्या जाडीचे प्रकार) मिळतात, ‘बालू’मध्ये मध्यम ते जाड. ‘मोदक’ इतका गुबगुबीत आहे की अक्षरांतल्या पोकळ्या जवळजवळ बुजतात, मोठ्या आकारात मजा येते. ‘रोझा वन’मध्ये जाड-बारीक रेषांचा फरक टोकाचा आहे, जुन्या पोस्टरची आठवण करून देणारा. हे सगळे खुल्या परवान्याचे आहेत, छापील कामात वापरता येतात. ‘तिकीट’साठी मी बालूचं सर्वांत जाड वजन घेतलं. झोताच्या प्रकाशात बारीक रेषा विरून गेल्या असत्या.

आता लिपीचा प्रश्न. देवनागरी अक्षरं शिरोरेषेला लटकतात. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ‘ति की ट’ असं दिसायला लागतं. अंतर शून्यावरच ठेवा. शब्द रुंद हवा असेल तर रुंद फॉन्ट शोधा, अक्षरं आडवी ताणू नका, कारण तसं केलं की उभ्या रेषा जाड होतात, आडव्या तशाच राहतात आणि अक्षर बेढब दिसतं. फॉन्टमध्ये ठळक वजन नसताना सॉफ्टवेअरकडून बळेच ठळक करून घेणंही टाळा. त्यात ‘क्ष’, ‘श्र’, ‘ह्म’ अशा गुंतागुंतीच्या अक्षरांच्या पोकळ्या शाईने भरतात.

शिवाय शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार, रफार यांचा एक मजला असतो आणि खाली उकारांचा दुसरा. ‘तिकीट’मध्ये वरचा मजला भरलेला आहे, खालचा रिकामा. म्हणजे नाव पानाच्या वरच्या कडेला लावताना मोजमाप शिरोरेषेपासून घ्यायचं नाही, वेलांटीच्या माथ्यापासून घ्यायचं. उलट, नावाच्या खाली लगेच दुसरी ओळ चिकटवता येते, कारण तिथे उकार लोंबकळत नाहीत. तुमच्या मासिकाच्या नावात काय आहे ते आधी बघा आणि त्याप्रमाणे जागा सोडा.

आणखी एक युक्ती सगळ्यांना आवडते: चित्रातल्या माणसाचं डोकं नावाच्या थोडं पुढे आणायचं. खोली येते, नाव चित्रात मुरल्यासारखं दिसतं. करायला सोपं आहे. नावाच्या लेयरला मास्क लावा, डोक्याची निवड करा आणि मास्कवर तेवढा भाग काळ्याने भरा. पण काय झाकताय ते बघा. ‘की’ची वरची कमान झाकली तर उरतो ‘का’, आणि मासिकाचं नाव होतं ‘तिकाट’. ‘क’चा उजवा आकडा गेला तर ‘व’सारखं काहीतरी उरतं. ‘ट’ची खालची वळण झाकली तर ते अक्षर नक्की कोणतं हे कळेनासं होतं. त्यातल्या त्यात निर्धोक म्हणजे उभ्या दंडाचा खालचा अर्धा भाग. तो डोळा आपणहून पूर्ण करतो. नाव पहिल्यांदाच वाचणाऱ्या माणसाला दाखवून खात्री करा, कारण तुम्हाला ते पाठ झालेलं असतं.

संदर्भ आणि रेखाटन

गाजलेल्या चित्रपटातलं दृश्य किंवा नटाचा छायाचित्रकाराने काढलेला फोटो खाली ठेवून गिरवू नका. गिरवून काढलेलं असलं तरी मूळ छायाचित्रावरचे हक्क त्याच्या मालकाचेच राहतात, आणि मासिक छापून विकलं जातं म्हटल्यावर हा प्रश्न गंभीर होतो. आपल्या कामासाठी मी एका मैत्रिणीला स्टुलावर पाठमोरी बसवलं, बाजूने टेबललॅम्प लावला आणि फोनवर वीस फोटो काढले. लॅम्पमुळे खांद्यावर पडलेली उजेडाची कड पुढे फार कामाला आली.

यंत्र आणि फिल्म मात्र अभ्यासून काढा. चित्रपटगृहात चालणाऱ्या ३५ मिलिमीटर फिल्मवर प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार छिद्रं असतात आणि फिल्म प्रोजेक्टरमधून उभी धावते, सेकंदाला २४ चौकटी. साध्या फोटो कॅमेऱ्याच्या ३५ मिलिमीटर फिल्ममध्ये चौकट आडवी असते आणि तिला आठ छिद्रं. नवखे चित्रकार हमखास ही दुसरी फिल्म बघून काढतात. इतर वाचकांना पत्ता लागणार नाही, पण ज्यांच्यावर हा अंक आहे ती माणसं पहिली नजर तिथेच टाकतील. आणखी एक: प्रोजेक्टरमध्ये फिल्मवरचं चित्र उलटं, डोकं खाली पाय वर असं बसवलेलं असतं. भिंग ते सुलटं करतं.

वाचता वाचता एक भेट मिळाली. दोन प्रोजेक्टरांवर आळीपाळीने रिळं चालत, त्या काळी रीळ संपत आली की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक गोल ठिपका चमकायचा. पहिला ठिपका दुसरं यंत्र सुरू करण्यासाठी, सात-आठ सेकंदांनी दुसरा, चित्र त्या यंत्रावर नेण्यासाठी. प्रेक्षकांचं लक्षही जात नसे, चालक मात्र डोळ्यांत तेल घालून त्याची वाट बघत. मी मुखपृष्ठाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात तसाच ठिपका ठेवला आणि अंक क्रमांक त्यात लिहिला. ज्यांना कळेल त्यांना कळेल.

रेखाटनासाठी नवा लेयर घ्या, अपारदर्शकता ३० टक्क्यांवर आणा आणि त्यावर दुसऱ्या लेयरमध्ये पक्क्या रेषा काढा. अधूनमधून पान आडवं उलटवून बघा, आरशात पाहिल्यासारखं. वाकडा खांदा, घसरलेलं यंत्र लगेच नजरेत येतं.

तीन छटा

रंगाला हात लावू नका, अजून नाही. पक्क्या रेषांच्या खाली एक लेयर घेऊन सगळं चित्र फक्त तीन छटांत भरा: गडद, मधली, उजळ. आपल्या चित्रात खोली गडद, चालक स्त्री आणि प्रोजेक्टर मधल्या छटेत, झोत आणि खांद्यावरची कड उजळ. आता झूम कमी करत पान टपाल तिकिटाएवढं करा. काय चाललंय ते कळतंय? नाव वाचता येतंय? नसेल तर रंगांनी ते सुधारणार नाही. माझ्या पहिल्या प्रयत्नात बाई आणि खोली दोन्ही गडद झाल्या होत्या आणि प्रोजेक्टर आपोआप चालतोय असं दिसत होतं. तिच्या मागच्या भिंतीवर झोताचा हलका उजेड पाडला तेव्हा आकृती सुटी झाली.

सपाट रंग

रेषांच्या लेयरचा मोड (तो खालच्या लेयरमध्ये कसा मिसळायचा ते ठरवणारी सोय) मल्टिप्लाय करा आणि रंग त्याच्या खालच्या लेयरवर भरा. नवख्यांना इथे एक गोष्ट छळते: बादलीने रंग ओतला की रेषेच्या कडेने पांढुरकी किनार राहते. उपाय असा. जादूच्या कांडीने (एकसारख्या रंगाचा भाग निवडणारं साधन) भाग निवडा, निवड २ ते ३ पिक्सेलने वाढवा आणि मग भरा. रंग रेषेच्या खाली सरकतो आणि फट बुजते. प्रत्येक वस्तूचा रंग भरून झाला की त्या लेयरची पारदर्शकता कुलूपबंद करा, म्हणजे वर सावल्या रंगवताना ब्रश कडेबाहेर जाणार नाही.

रंग किती? चार. रात्रीचा निळा, वीटकरी, फिकट पिवळा आणि जवळजवळ काळा. बाकी सगळं यांच्याच फिक्या-गडद छटा. पूर्वी दगडावरून पोस्टर छापत तेव्हा प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागायचा, त्यामुळे चित्रकार मोजक्या रंगांतच विचार करायचे. त्या कामांचा ठसठशीतपणा त्या अडचणीतूनही आलेला आहे. आपल्याला अडचण नाही, म्हणून ती स्वतःवर लादून घ्यायची.

पडद्यावरचे रंग प्रकाशाचे असतात, छपाईचे शाईचे. भडक निळा, पेटता नारिंगी, पोपटी हे पडद्यावर झळाळतात आणि कागदावर मरगळतात. म्हणून सॉफ्ट-प्रूफची, म्हणजे छापल्यावर रंग कसे दिसतील ते पडद्यावरच दाखवणारी सोय सुरू करून, छापखान्याने दिलेलं प्रोफाइल लावून, अधूनमधून बघत जा. निळ्याचा खास त्रास म्हणजे तो छापताना जांभळ्याकडे झुकतो. निळ्यात मॅजेंटाचं (गुलाबी-किरमिजी शाईचं) प्रमाण सायनपेक्षा (आकाशी निळ्या शाईपेक्षा) निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवलं तर तो निळाच राहतो.

झोत

या चित्राचा जीव झोतात आहे, म्हणून तो नीट करा.

नवा लेयर घ्या, मोड स्क्रीन, म्हणजे खालचं चित्र उजळतं. सरळ कडांच्या लॅसोने (हव्या त्या आकाराची निवड करायचं साधन) भिंगापासून वरपर्यंत निमुळता त्रिकोण निवडा आणि त्यात फिकट पिवळ्यापासून पारदर्शकाकडे जाणारा ग्रेडियंट ओढा. आता कडा. भिंगाजवळ झोत धारदार असतो आणि लांब जाताना विरतो, पण सगळ्या लेयरला एकसारखा ब्लर (धूसरपणा) दिला तर भिंगाजवळही धुकं होतं. त्यासाठी लेयरची नक्कल करा, नकलेला १५ ते २० पिक्सेलचा गॉशियन ब्लर द्या आणि मास्कवर ग्रेडियंट ओढून खाली मूळ, वर नक्कल असं मिसळा.

झोत दिसतो तो हवेतल्या धुळीमुळे. तेव्हा लहान-मोठे ठिपके उडवा, पण फक्त झोताच्या आतच. दोन-चार मोठे, बाकी सुईच्या टोकाएवढे. एकसारखे पसरलेले ठिपके हिमवर्षावासारखे दिसतात.

लांबलचक ग्रेडियंटमध्ये छपाईत पायऱ्या दिसू शकतात, याला बँडिंग म्हणतात. सगळ्यात वर २ ते ३ टक्के नॉइज (बारीक विखुरलेले दाणे) घातला की पायऱ्या मोडतात. वर जुन्या फिल्मच्या दाण्यासारखा पोत फुकट मिळतो.

पोतावरून आठवलं. जुन्या छपाईसारखे मोठे ठिपके आणणारं हाफटोन फिल्टर सगळ्यांना आवडतं. ते वापरायचं तर ठिपके चांगले ढळढळीत मोठे ठेवा. बारीक ठेवले तर छापखान्याच्या स्वतःच्या बारीक ठिपक्यांशी त्यांची गाठ पडते आणि नक्षीदार लाटा उमटतात. मी इथे ते वापरलं नाही. झोत असलेल्या चित्रात पोत आधीच पुरेसा होता.

मथळे

मुख्य मथळा एक, बाकीचे त्याहून निम्म्या आकाराचे, आणि तारीख-किंमत सर्वांत लहान. तीन आकार पुरे झाले. फॉन्ट दोनच: नावाचा एक आणि बाकी सगळ्यांचा एक. मथळे झोताच्या उजवीकडच्या गडद भागात, एकाखाली एक, डावी कड सरळ. दोन ओळींमधलं अंतर अक्षरांच्या आकाराच्या दीडपटीच्या आसपास ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून त्यांना बाहेरून जाड किनार देऊ नका. मागचं चित्र तेवढ्या भागात शांत करा.

लहान मजकूर मात्र फोटोशॉप-गिम्पसारख्या इमेज एडिटरमध्ये करूच नये, असं माझं मत आहे. कारण सांगतो. इथला काळा बहुधा आरजीबीचा, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाचा असतो. फोटोशॉपच्या ठरलेल्या अमेरिकी प्रोफाइलने तो सीएमवायकेमध्ये (छपाईच्या सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी या चार शायांत) नेला की त्याचे ७५, ६८, ६७ आणि ९० असे चार शाईंचे टक्के होतात. चार शाया एकमेकींवर तंतोतंत बसल्या नाहीत तर बारीक अक्षरांच्या कडेला रंगीत भुतं दिसतात. म्हणून चित्र आणि मासिकाचं नाव इथे पूर्ण करा, आणि मथळे, तारीख, किंमत इनडिझाइन किंवा मोफत मिळणाऱ्या स्क्रायबस या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. तिथे काळा म्हणजे फक्त काळी शाई १०० टक्के असं सांगता येतं आणि अक्षरं वेक्टर, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषांच्या रूपात राहतात, कितीही बारीक असली तरी कडा स्वच्छ.

बारकोडचं सजावटीशी जमत नाही. पांढऱ्या चौकोनात काळ्या रेघा, दोन्ही बाजूंना रिकामी जागा, आकार मूळच्या ८० टक्क्यांपेक्षा लहान नाही. रंगसंगती जुळावी म्हणून रेघा वीटकरी करायचा मोह मलाही झाला होता. बरेचसे स्कॅनर लाल प्रकाशाने वाचतात, त्यांना तांबड्या रेघा दिसतच नाहीत.

पाठवण्याआधी

एक दिवस फाइल उघडू नका. मग पान १०० टक्के आकारात साध्या प्रिंटरवर छापा, भिंतीला लावा आणि दोन मीटर मागे जा. नंतर तेच चित्र १५० पिक्सेल रुंद करून फोनवर बघा, कारण बऱ्याच वाचकांना ते आधी तेवढंच दिसणार आहे. काळं-पांढरं करूनही बघा. मथळा मागच्या रंगात बुडत असेल तर तिथे लगेच कळतं. शुद्धलेखन दुसऱ्याकडून तपासून घ्या. आपण लिहिलेल्या मथळ्यात आपल्याला ऱ्हस्व-दीर्घ दिसत नाही.

सगळ्या लेयरची मूळ फाइल जपून ठेवा, तिची प्रत काढून लेयर एकत्र करा आणि ती टिफ म्हणून मांडणीत घ्या. चार शायांची गडद भागातली बेरीज चकचकीत कागदावर ३०० टक्क्यांच्या आसपास राहिली पाहिजे. त्याहून जास्त झाली तर शाई वाळत नाही आणि मागच्या पानाला लागते. शेवटची पीडीएफ ब्लीडसकट आणि कापायच्या खुणांसकट काढा. पडद्यासाठी वेगळी जेपीईजी, ब्लीड कापून, एसआरजीबीमध्ये (पडद्यांसाठीचं नेहमीचं रंग-प्रोफाइल).

छापखान्याकडून नमुना-प्रत आली की आधी खोलीचा निळा जांभळा झालाय का ते बघा, मग नावाच्या वेलांट्या कडेपासून पुरेशा आत आहेत का ते. उजव्या कोपऱ्यातल्या गोल ठिपक्यावर मी पट्टी ठेवून मोजलं: कडेपासून ११ मिलिमीटर. मग सही केली.